व्हेरिकोज व्हेन्स : उलट्या प्रवाहाचा उगम आणि अल्पछेदी उपचार

पायाच्या त्वचेखाली निळसर, फुगलेल्या आणि नागमोडी वळणांच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात त्या विकाराला वैद्यकात व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. घरोघरी त्याचा उल्लेख ‘पायाच्या शिरा फुगल्या’ असा होतो. हा विकार डोळ्यांना दिसतो, आणि त्यामुळेच जी शीर दिसते तोच आजार आणि ती नाहीशी केली की आजार संपला, असा समज सर्वत्र रुजला आहे. प्रत्यक्षात पोटरीवर उमटलेल्या गाठी हे बहुतेक वेळा दोषाचे शेवटचे टोक असते, आणि दोषाचा आरंभ त्याच्या बराच वर, जांघेत किंवा गुडघ्यामागे, एखाद्या निकामी झडपेपाशी झालेला असतो. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत या विकारावरील उपचार मोठ्या शस्त्रक्रियेकडून सुईच्या एका टोचणीपर्यंत आले, परंतु लेझर, रेडिओलहरी, फेस आणि गोंद यांपैकी कोणतेही साधन वापरले, तरी उलटा प्रवाह नेमका कोठून सुरू होतो हे आधी शोधल्याशिवाय त्या साधनाचा टिकाऊ उपयोग होत नाही. या विकाराचे आणि त्याच्या उपचारांचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हायला हवे.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी आणि ते हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. पायातील नीलांच्या दोन व्यवस्था आहेत. स्नायूंच्या आत, हाडांलगत असलेल्या खोल नीला पायातील बहुतांश रक्त वर नेतात, तर त्वचेखाली, चरबीच्या थरातून जाणाऱ्या नीला उरलेला थोडा भाग वाहून नेतात. त्वचेखालील नीलांमध्ये दोन मुख्य आहेत : घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाणारी मोठी सॅफेनस नीला, आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूने निघून पोटरीच्या मागून साधारणपणे गुडघ्यामागे खोल नीलेला मिळणारी लहान सॅफेनस नीला. या दोन व्यवस्थांना ठिकठिकाणी आडव्या नीला जोडतात, आणि रक्ताची दिशा नेहमी त्वचेकडून आत, खालून वर अशीच राहावी यासाठी या सर्व मार्गांवर दोन पाकळ्यांच्या झडपा असतात.

माणूस ताठ आणि स्तब्ध उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या नीलेत सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचे सारे वजन तेथे पडते. मनुष्य चालू लागला की पोटरीचे स्नायू आकुंचन पावून खोल नीलांना पिळतात, रक्त वर ढकलले जाते, स्नायू सैल पडताच झडपा मिटून ते रक्त खाली येऊ देत नाहीत, आणि काही पावलांतच घोट्याजवळचा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. म्हणूनच वैद्यकीय ग्रंथांत पोटरीच्या स्नायूंना पायाचा पंप म्हटले जाते. ज्या व्यक्तीच्या झडपा निकामी झाल्या आहेत तिच्या पायात हा पंप चालतो, पण वर ढकललेले रक्त पुन्हा खाली कोसळते. त्यामुळे चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही आणि उतरला तरी क्षणात पूर्वपदावर येतो. या विकारात पुढे जे काही घडते, म्हणजे सूज, काळवंडलेली कातडी आणि न भरणारी जखम, ते चालतानाही न उतरणाऱ्या या दाबामुळे घडते.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. इटलीतील पादुआ येथे शरीररचना शिकवणाऱ्या फॅब्रिसियसने १६०३ मध्ये नीलांमधील झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले, पण रक्त हातापायांकडे अतिवेगाने धावू नये म्हणून त्या त्याला आवर घालतात असे त्याने मानले. त्याच्याच हाताखाली पादुआत शिकलेल्या विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना हाताला पट्टी बांधून, नीलेवर बोट फिरवून दाखवून दिले की झडपेच्या पलीकडे रक्त फक्त हृदयाच्या दिशेने जाते, उलट दिशेने ढकलले तर अडते. या साध्या प्रयोगामुळे झडपेचे कार्य निश्चित झाले, आणि तिचे बिघडणे म्हणजे काय हेही त्याच वेळी ध्यानात येण्याजोगे झाले. तरीही ते उपचारात उतरायला आणखी अडीच शतके लागली. भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सिराज ग्रंथीचे, म्हणजे सिरांच्या जाळ्यातून उत्पन्न होणाऱ्या गाठीचे, वर्णन आहे आणि दुर्बल माणसाचे अतिश्रम हे त्याचे कारण सांगितले आहे. आजच्या विकाराशी त्याची सांगड अनेक अभ्यासक घालतात, मात्र त्या काळी झडपेची कल्पना नसल्याने ती सांगड मर्यादित अर्थानेच घ्यावी लागते.

१८९१ मध्ये जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग याने या विकाराच्या उपचाराचा पाया घातला. पाय वर उचलून नीला रिकामी करायची, मांडीवर दाब देऊन रुग्णाला उभे करायचे, मग दाब सोडताच नीला वरून खाली झपाट्याने भरते का हे पाहायचे, ही त्याची परीक्षा उपकरणाशिवाय होणारी आहे, आणि डॉपलर सोनोग्राफीच्या काळातही वैद्यकीय विद्यार्थ्यांना ती शिकवली जाते. दिसणाऱ्या गाठींना हात न लावता त्याने वर मांडीतच मोठ्या सॅफेनस नीलेला गाठ मारली, म्हणजे दोष उगमापाशी रोखला. त्याच्यानंतर १९०५ ते १९०७ या काळात केलर, मेयो आणि बॅबकॉक या अमेरिकी शल्यविशारदांनी ती नीला तारेने किंवा कड्याने ओढून संपूर्ण काढण्याच्या पद्धती बसवल्या, आणि स्ट्रिपिंग या नावाने ती शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रमाण मानली गेली. जांघेत चीर, पूर्ण किंवा कमरेखालची भूल, मांडीभर काळेनिळे डाग, काही आठवड्यांची विश्रांती आणि गुडघ्याखाली नीलेला बिलगून जाणाऱ्या संवेदी मज्जातंतूला इजा होऊन येणारी बधिरता, ही तिची किंमत होती. जांघेत जेथे नीला बांधली तेथेच काही वर्षांनी नव्या, बारीक आणि झडपविरहित रक्तवाहिन्यांचे जाळे उगवून विकार परत येई, हा तिचा सर्वांत निराश करणारा दोष होता.

हा विकार कोणाला होतो याविषयी स्त्रियांचा आजार अशी समजूत आहे, कारण दवाखान्यात स्त्रिया अधिक येतात. स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे १८ ते ६४ वयाच्या सामान्य नागरिकांची तपासणी करून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र मुख्य नीलांचा विकार पुरुषांत सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांत ३२ टक्के आढळला. पुरुष तो अंगावर काढतात, एवढाच याचा अर्थ. भारतात एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वेच्या कामगारांचा अभ्यास करून १९७२ मध्ये दाखवले की दक्षिणेतील कामगारांत हा विकार सुमारे २५ टक्के, तर उत्तरेतील कामगारांत सुमारे ७ टक्के होता. एकाच प्रकारचे काम करणाऱ्यांत पडलेला हा फरक आहार, आनुवंशिकता की अन्य कशाने पडला यावर एकमत झालेले नाही. आई-वडिलांपैकी एकाला हा विकार असणे, वाढते वय, स्थूलता आणि गर्भारपण ही कारणे सर्वमान्य आहेत. गर्भारपणात रक्ताचे आकारमान वाढते, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे नीलांच्या भिंती सैलावतात आणि वाढलेले गर्भाशय पोटातील नीलांवर दाब टाकते. पण प्रसूतीनंतर काही महिन्यांत या नीला बऱ्याच अंशी ओसरतात, म्हणून गर्भारपणात त्यांच्यावर प्रक्रिया करत नाहीत. व्यवसायाचा वाटाही निश्चित आहे. डेन्मार्कमध्ये कामाचा तीन चतुर्थांशाहून अधिक वेळ उभे राहणाऱ्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला असता, इतरांच्या तुलनेत त्यांना या विकारासाठी रुग्णालयात अधिक प्रमाणात दाखल व्हावे लागल्याचे दिसले. महाराष्ट्रात चौकातले वाहतूक पोलीस, साड्यांच्या दुकानांतील विक्रेत्या, केशकर्तनालयातले कारागीर, भटारखान्यातले आचारी, शिक्षक आणि शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका हे सारे याच वर्गात मोडतात, कारण त्यांचे काम उभ्याचे असते आणि त्यात पावले मात्र फार पडत नाहीत.

विकाराच्या अवस्था मोजण्यासाठी १९९४ मध्ये हवाई येथे जमलेल्या तज्ज्ञांनी सीईएपी नावाची वर्गवारी ठरवली आणि २०२० मध्ये तिची अद्ययावत आवृत्ती आली. तिच्यात शून्यापासून सहापर्यंत पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा असतात, दुसरीवर फुगलेल्या नीला, तिसरीवर सूज, चौथीवर घोट्याभोवतीची त्वचा तपकिरी, खाजरी व कडक होणे, पाचवीवर भरून आलेली जखम आणि सहावीवर उघडी जखम. प्रत्येक रुग्ण या सर्व पायऱ्या चढतोच असे नाही. पुष्कळांचा विकार आयुष्यभर दुसऱ्या पायरीवर राहतो, आणि त्यांना संध्याकाळी पाय जड वाटणे, रात्री वांब येणे किंवा घोट्याशी ठणका लागणे याहून अधिक त्रास होत नाही. परंतु घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडू लागली तर ती धोक्याची स्पष्ट सूचना असते. वाढलेल्या दाबामुळे बारीक वाहिन्यांतून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांतील लोह त्वचेत साचून तपकिरी रंग येतो, दाह होऊन खालची चरबी कडक होते, आणि मग एखाद्या किरकोळ खरचटण्याची जखम होऊन ती महिनोन्महिने भरत नाही. या जखमांना मधुमेहाच्या किंवा गँगरीनच्या जखमा समजून केवळ मलमपट्टीवर वर्षे काढणारे रुग्ण महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात भेटतील. त्यांच्या पायावरची पट्टी बदलली जाते, पण नीलांची तपासणी होत नाही, आणि हीच या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत खेदजनक बाब आहे.

दोन तातडीच्या अवस्था प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात. त्वचा फार पातळ झालेल्या ठिकाणी नीला फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते, ती पाहून घाबरलेला माणूस उभाच राहतो किंवा खुर्चीत बसतो, आणि त्यामुळे रक्तस्राव वाढून प्रसंगी जीवावर बेतते. अशा वेळी रुग्णाला आडवे करून पाय हृदयाच्या पातळीहून वर उचलायचा आणि स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यायचा, एवढ्याने रक्त बहुधा थांबते. दुसरी अवस्था म्हणजे फुगलेली नीला एकाएकी लाल, गरम आणि दोरीसारखी कडक होणे. तिच्यात रक्ताची गुठळी झालेली असते, आणि ती गुठळी जांघेच्या संगमाजवळ पोहोचलेली असेल तर खोल नीलेत शिरण्याचा धोका असल्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधांची गरज लागते.

तपासणीत ड्युप्लेक्स डॉपलर ही सोनोग्राफीची पद्धत निर्णायक ठरते, कारण तिच्यात नीलेचा आकार आणि तिच्यातील रक्ताची दिशा ही दोन्ही एकाच वेळी दिसतात. रुग्ण उभा असताना पोटरी दाबून सोडतात, आणि त्वचेखालील नीलेत रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ उलटे वाहिले तर झडप निकामी आहे असे मानतात. मांडीतील व गुडघ्यामागच्या खोल नीलेसाठी ही मर्यादा एक सेकंदाची आहे. ही तपासणी उभ्यानेच व्हायला हवी, कारण आडवे पडल्यावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम नाहीसा होतो आणि उलट्या प्रवाहाचा अंदाज चुकतो. झोपवून केलेल्या तपासणीच्या अहवालावर शस्त्रक्रिया ठरवणे हा निष्काळजीपणा आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे. चांगल्या अहवालात कोणत्या संगमापाशी दोष आहे, तो कोठपर्यंत उतरतो, नीलेचा व्यास किती आहे, जोडणाऱ्या नीला निकामी आहेत का आणि खोल नीला मोकळ्या आहेत का, हे सर्व लिहिलेले असते. यांतला शेवटचा मुद्दा तर अनिवार्य आहे, कारण खोल नीला गुठळीने बंद असतील तर वरच्या फुगलेल्या नीलाच रक्ताचा पर्यायी रस्ता झालेल्या असतात आणि त्या बंद करणे पायाला अपाय करते.

उपचारांपैकी दाबाचे मोजे सर्वांत जुने व सर्वांत जास्त लिहून दिले जाणारे आहेत. घोट्याशी अधिक व वर जाताना कमी होत जाणारा दाब देणारे हे मोजे सूज आणि जडपणा कमी करतात, पण झडप दुरुस्त करत नाहीत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट उकाड्यात ते दिवसभर घालणे अनेकांना अशक्य होते, हे लिहून देणाऱ्याने लक्षात घ्यावे. ज्यांच्या पायातील रोहिणी अरुंद झाल्या आहेत, विशेषतः मधुमेही आणि तंबाखू वा धूम्रपानाचे व्यसन असलेल्या रुग्णांत, घोट्यावरील रक्तदाबाचे हाताच्या रक्तदाबाशी प्रमाण मोजल्याशिवाय घट्ट मोजे वा पट्ट्या देणे धोक्याचे आहे. डायॉस्मिनसारख्या गोळ्यांनी ठणका व जडपणा काही प्रमाणात कमी होतो. त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे की नीलांवरील प्रक्रिया शक्य असेल तेव्हा केवळ मोज्यांवर रुग्णाला ठेवू नये.

आधुनिक अल्पछेदी उपचारांत दोषी नीला न काढता आतून बंद केली जाते आणि शरीर तिचा धागा करून ती हळूहळू शोषून घेते. यांतील पहिला गट उष्णतेचा. सोनोग्राफीवर पाहत गुडघ्याजवळ सुईने मोठ्या सॅफेनस नीलेत शिरायचे, बारीक नळीतून लेझरचा तंतू किंवा रेडिओलहरींचा कॅथेटर जांघेच्या संगमापासून सुमारे दोन सेंटिमीटर खाली नेऊन ठेवायचा, आणि नीलेची भिंत तापवत तो मागे ओढत आणायचा, एवढी ही प्रक्रिया आहे. तिला सर्वांसाठी सुरक्षित केले ते मात्र भुलीच्या एका युक्तीने. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पातळ केलेल्या भुलीच्या औषधाचा मोठ्या प्रमाणात वापर करण्याची पद्धत मांडली, आणि तीच येथे उपयोगी पडली. लिग्नोकेन, ॲड्रेनॅलिन व सोडियम बायकार्बोनेट मिसळलेले थंड सलाइन नीलेभोवती सोडले की तीन कामे एकदम होतात : वेदना थांबते, नीला दाबली जाऊन तिची भिंत तंतूला चिकटते, आणि भोवतालच्या मज्जातंतू व त्वचेला उष्णतेपासून पाण्याचे आवरण मिळते. या युक्तीमुळेच संपूर्ण भूल टळली आणि रुग्ण प्रक्रियेनंतर लगेच स्वतःच्या पायांनी चालू लागला.

रेडिओलहरींच्या साधनाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. आज प्रचलित असलेल्या त्याच्या सुधारित रूपात सात सेंटिमीटर लांबीचे टोक १२० अंश सेल्सिअसला वीस सेकंद तापते आणि नीला टप्प्याटप्प्याने बंद होत जाते. लेझरचा पहिला वापर स्पेनमध्ये कार्लोस बोने यांनी १९९९ च्या सुमारास मांडला आणि २००१ नंतर अमेरिकेत नावारो व मिन यांच्या कामामुळे तो सर्वत्र पोचला. पहिल्या लेझरची तरंगलांबी ८१० नॅनोमीटर होती, जी रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये शोषली जाते. त्यामुळे नीलेतले रक्त उकळे, भिंतीला भोके पडत आणि नंतर ठणका व काळेनिळे डाग येत. आजची १४७० नॅनोमीटरची लेझर मुख्यतः पाण्यात, म्हणजे नीलेच्या भिंतीतील पाण्यात, शोषली जाते, आणि गोलाकार किरण फेकणाऱ्या तंतूमुळे उष्णता सर्व बाजूंनी सारखी पडते; म्हणून त्रास बराच कमी झाला. ही प्रगती मोठी असली, तरी ‘लेझर’ या शब्दालाच उपचाराची गुणवत्ता समजण्याची चूक होते. जुन्या आणि नव्या तंतूत, तसेच सवयीच्या आणि नवशिक्या हातात, फरक पडतो. गुडघ्याखाली उष्णता दिली तर मज्जातंतूला इजा होऊ शकते, त्वचा भाजू शकते, क्वचित जांघेच्या संगमातून गुठळी खोल नीलेत पुढे सरकते, आणि म्हणून काही दिवसांनी डॉपलर पुन्हा केला जातो.

दुसरा गट औषधी फेसाचा. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट किंवा पॉलिडोकॅनॉल ही औषधे नीलेच्या आतल्या पेशींचे आवरण नष्ट करतात, पण द्रवरूपात ती रक्तात मिसळून पातळ होतात. हेच औषध फेसाच्या रूपात दिले तर ते रक्ताला बाजूला सारून भिंतीशी जास्त वेळ टिकते. स्पेनमधील हुआन काब्रेरा यांनी १९९० च्या दशकात याचा मार्ग घालून दिला, आणि २००० मध्ये इटलीच्या लोरेन्झो टेसारी यांनी दोन सिरिंज व तीन तोंडांची तोटी एवढ्याच साहित्यात, एक भाग औषध आणि चार भाग हवा यांचा घट्ट फेस बनवून दाखवल्यामुळे ही पद्धत जगभर पसरली, कारण तिला महागड्या यंत्राची गरज उरली नाही. परवडणे हा तिचा मोठा गुण आहे आणि भारतासारख्या देशात त्याचे महत्त्व कमी लेखू नये. पण तिच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात : मोठ्या व्यासाच्या नीलेत फेस कमी टिकाऊ ठरतो, त्वचेवर तपकिरी डाग राहू शकतात, प्रक्रिया पुन्हा करावी लागू शकते, आणि क्वचित नजर काही काळ अंधुक होणे किंवा डोके दुखणे असे त्रास होतात. म्हणून एका बैठकीत फेसाचे प्रमाण साधारण १० मिलिलिटरच्या आत ठेवतात.

तिसऱ्या गटात उष्णता नाही, म्हणून पाण्याच्या आवरणाचीही गरज नाही. सायनोॲक्रिलेट हा गोंद थेंबाथेंबाने सोडून वरून दाब दिला की नीलेच्या भिंती चिकटतात. अमेरिकेत त्याच्या साधनाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतरचे यश रेडिओलहरींच्या तुलनेत कमी नव्हते. परंतु गोंद हा शरीरात राहणारा परका पदार्थ आहे, काहींना त्याची ॲलर्जी होऊन नीलेच्या मार्गावर लाल, खाजरी पट्टी उमटते, आणि भारतात त्याची किंमत सामान्य कुटुंबाला न झेपणारी आहे. फिरत्या तारेने भिंत खरवडत औषध सोडण्याची यांत्रिक-रासायनिक पद्धतही आहे. तिचा वापर मर्यादित आहे. उगम बंद झाल्यावर उरलेल्या फुगीर नीला दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतून आकड्याने काढता येतात. स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट म्युलर यांनी ही पद्धत १९५० च्या दशकात रूढ केली, आणि तिला टाकेही लागत नाहीत. ती उगम बंद करण्याआधी केली तर वरच्या पाटाचे दार उघडे ठेवून खालच्या वाफ्यातले पाणी उपसत बसल्यासारखे होते.

या सर्व साधनांची तुलना चाचण्यांतून झाली आहे, आणि तेथे मतांपेक्षा आकडे जास्त बोलतात. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर फेसाचे अपयश सुमारे १६ टक्के, तर लेझर, रेडिओलहरी व स्ट्रिपिंग यांचे ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास होते. मात्र वेदना रेडिओलहरी व फेस यांत सर्वांत कमी होती. इंग्लंड व स्कॉटलंडमधील ७९८ रुग्णांच्या क्लास चाचणीचा पाच वर्षांचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला, त्यात रुग्णांच्या जीवनमानाच्या मापावर लेझर व शस्त्रक्रिया या दोन्ही फेसापेक्षा सरस ठरल्या. यातून शस्त्रक्रिया वाईट होती असा निष्कर्ष निघत नाही. टिकाऊपणात ती तुल्यबळ आहे, पण भूल, चीर आणि विश्रांती यांचा भार तिच्यात अधिक आहे, आणि त्यामुळेच २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने उष्णतेच्या उपचारांना पहिले स्थान दिले.

या तुलनेपेक्षाही अधिक महत्त्वाचे पुरावे जखमांविषयीचे आहेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस्कार चाचणीत दाबाच्या पट्ट्यांना त्वचेखालील नीलांवरील शस्त्रक्रियेची जोड दिली असता जखम भरण्याचा वेग बदलला नाही, पण वर्षभरात जखम पुन्हा उघडण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. पुढे २०१८ मध्ये इव्हरा चाचणीत ४५० रुग्णांपैकी अर्ध्यांची नीला पट्ट्यांबरोबर दोन आठवड्यांच्या आत आतून बंद केली, तर उरलेल्यांची जखम भरल्यावर किंवा सहा महिने वाट पाहून. लवकर उपचार मिळालेल्यांची जखम मध्यकाच्या हिशेबाने ५६ दिवसांत, तर थांबलेल्यांची ८२ दिवसांत भरली. जखम उघडी असताना नीलेला हात लावू नये, हा जुना सावधपणा या आकड्यांनी निराधार ठरवला. जो हमाल किंवा शेतमजूर जखमेमुळे कामावर जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी सव्वीस दिवसांचा हा फरक रोजीरोटीचा आहे. अशा रुग्णाला लवकर तपासणीसाठी पाठवणे हे प्राथमिक आरोग्य केंद्राचे काम आहे, आणि प्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत त्याला पुढे घ्यायला हवे; आज मात्र या प्रक्रियांचा प्रचार बहुधा शहरातल्या, पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच्या आणि सौंदर्याची काळजी असलेल्या रुग्णांसाठी होतो.

अतिरेकी उपचाराची दुसरी बाजूही दुर्लक्षित राहू नये. १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँड येथे हृदयाच्या बंद रोहिणीला वळसा घालण्यासाठी मोठ्या सॅफेनस नीलेचा तुकडा वापरण्यास सुरुवात केली, आणि आजही बायपास शस्त्रक्रियेत हीच नीला मोठ्या प्रमाणावर लागते. दोषी, फुगलेली नीला या कामास निरुपयोगी असते, म्हणून ती बंद करताना संकोच नको. पण मधुमेह व हृदयविकार ज्या समाजात इतके वाढत आहेत, तेथे डॉपलरमध्ये झडपा शाबूत दिसणारी नीला केवळ पोटरीवरील बारीक रेषांसाठी जाळून टाकणे समर्थनीय नाही. बारीक रेषांवर वेगळे, वरवरचे इंजेक्शन पुरते. प्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी उलटा प्रवाह कोणत्या नीलेत, किती सेकंद आणि कोणत्या संगमापाशी आढळला, हे विचारावे. या प्रश्नाला डॉपलरच्या अहवालावर बोट ठेवून उत्तर मिळायला हवे.

योग्य निवड केलेल्या प्रक्रियेनंतरही हा विकार आयुष्यातून निघून जात नाही, कारण बंद केलेली नीला परत उघडली नाही तरी इतर नीलांच्या झडपांवर तोच भार पडत राहतो. रोजचे चालणे, घोट्याची वरखाली हालचाल, वजन आटोक्यात ठेवणे आणि विश्रांतीच्या वेळी पाय वर घेणे यांनी पोटरीचा पंप कार्यक्षम राहतो आणि भार हलका होतो. पण ज्यांचा दिवस दुकानाच्या गल्ल्यामागे उभ्यानेच जातो त्यांना हे केवळ स्वतःच्या इच्छेने करता येत नाही. केरळमध्ये कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी अनेक वर्षे लढा दिल्यावर २०१८ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क मिळाला, आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने तशीच तरतूद केली. त्या लढ्यात मांडलेल्या आरोग्याच्या तक्रारींत पायांच्या शिरांची तक्रार ठळक होती. बसण्याने घोट्यावरचा दाब उतरतो, मात्र पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसल्यानेही पंप थांबलेलाच राहतो, म्हणून दुकानाच्या मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी स्टूल ठेवावे आणि त्याबरोबर दर तासाला काही मिनिटे चालण्याची मोकळीकही द्यावी.